चालत्या संगणकाला मृत्यूचा दाखला

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी जगातील कोट्यवधी संगणक नेहमीप्रमाणे सुरू झाले. पडदे उजळले, कळफलक चालले, छपाईयंत्रांतून कागद बाहेर पडले. त्या दिवशी त्यांच्यात कोणताही नवा बिघाड झालेला नव्हता. तरीही त्याच दिवशी मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन मक्तेदार कंपनीने त्यांच्या नावे मृत्यूचा दाखला काढला. ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीचे साहाय्य संपले; सुरक्षित राहावयाचे असेल तर ‘विंडोज ११’ वर या; ती तुमच्या यंत्रावर चढत नसेल तर नवे यंत्र विकत घ्या, असे ते फर्मान होते. त्या महिन्यात विंडोजवर चालणाऱ्या जगातील दर दहा संगणकांपैकी सुमारे चार अजून विंडोज १० वरच होते.

संगणकाचे यंत्र आणि त्यावर करावयाचे काम यांच्यामध्ये बसून दोहोंचा व्यवहार चालवणारा जो मूळ कार्यक्रम, त्याला कार्यप्रणाली म्हणतात. ती ज्याच्या ताब्यात, त्याच्या ताब्यात यंत्र असते. मग खरेदीची पावती कोणाच्याही नावाची असो. म्हणूनच हा प्रश्न केवळ संगणक बाळगणाऱ्या मध्यमवर्गाच्या गैरसोयीचा आहे, असे समजणे चूक ठरेल. उत्पादनाच्या साधनावर हुकमत कोणाची, हा तो प्रश्न आहे आणि तो आपल्या कार्यालयातील टेबलापर्यंत येऊन पोहोचला आहे.

कंपनी म्हणते, ही तारीख आधीपासूनच जाहीर होती. तारीख जाहीर होती हे खरे. परंतु विंडोज १० बाजारात आली त्या २०१५ सालीच कंपनीच्या एका अधिकाऱ्याने जाहीर व्याख्यानात ती ‘विंडोजची शेवटची आवृत्ती’ असल्याचे सांगितले होते. यापुढे हीच प्रणाली सुधारत नेली जाईल, असा त्याचा अर्थ सर्वत्र घेतला गेला आणि कंपनीने त्या वेळी तो खोडून काढला नाही. पुढच्या प्रणालीत आपले यंत्र बसणार नाही, ही गोष्ट तर ग्राहकाला कळली जून २०२१ मध्ये. ज्याने २०१७ साली कर्ज काढून संगणक घेतला होता, त्याला त्या यंत्राचे आयुष्य विक्रेत्याने आपल्या मर्जीने ठरवावयाचे आहे हे चार वर्षांनी समजले. याला आधी दिलेली सूचना म्हणावयाचे असेल, तर फसवणुकीला दुसरा शब्द शोधावा लागेल.

काय काढून घेतले गेले

५ ऑक्टोबर २०२१ रोजी विंडोज ११ आली तेव्हा गोल कोपऱ्यांच्या खिडक्यांची आणि मधोमध आणून बसवलेल्या बटणांची भरपूर जाहिरात झाली. काय गेले, त्याची यादी मात्र तांत्रिक कागदपत्रांच्या तळाशी राहिली. ती यादी वाचण्यासारखी आहे.

पडद्याच्या तळाशी असणारी कामाची पट्टी, जिला टास्कबार म्हणतात, ती वर, डावीकडे किंवा उजवीकडे हलवण्याची सोय नव्या आवृत्तीतून काढून टाकण्यात आली. वर्षानुवर्षे हाताला बसलेली सवय एका फटक्यात गेली. ‘स्टार्ट’ यादीतील कार्यक्रमांचे गट करून त्यांना नावे देण्याची सोय गेली. हाताने लिहिलेले गणिती समीकरण ओळखणारे साधन गेले. घरगुती आवृत्तीत संगणक प्रथम सुरू करतानाच इंटरनेटची जोडणी आणि कंपनीकडे उघडलेले खाते सक्तीचे झाले. म्हणजे स्वतःच्या पैशाने घेतलेल्या यंत्राचे दार उघडण्यासाठी विक्रेत्याकडे नाव नोंदवावयाचे!

पुढे २०२४ च्या आवृत्तीतून ‘वर्डपॅड’ काढून टाकण्यात आले. १९९५ पासून विंडोजसोबत विनामूल्य येणारा हा साधा लेखन-कार्यक्रम होता. अर्ज, पत्र, सभेचा वृत्तांत लिहिण्यासाठी ज्यांना एवढे पुरत असे, त्यांना आता कंपनी आपल्याच विकाऊ ‘वर्ड’चे दार दाखवते. त्याच आवृत्तीत ‘मिक्स्ड रिॲलिटी’चे साहाय्यही काढले गेले आणि लोकांनी मोठी किंमत मोजून घेतलेली, डोळ्यांवर चढवावयाची उपकरणे तिथे निरुपयोगी ठरली. उपकरणात बिघाड नव्हता. त्याला ओळखणारा कार्यक्रम तेवढा हटवला गेला.

सर्वांत खोल घाव मात्र कोणाच्या नजरेस आला नाही. विंडोज ११ ची ३२-बिटी आवृत्ती निघालीच नाही. विंडोज १० च्या ३२-बिटी आवृत्तीत डॉसच्या आणि त्यानंतरच्या काळातील १६-बिटी कार्यक्रम चालवण्याची सोय होती. नव्या प्रणालीत ती उरली नाही. ज्या पतसंस्थेने, ज्या दुकानदाराने, ज्या सहकारी सोसायटीने डॉसच्या काळात करून घेतलेला हिशेबाचा कार्यक्रम आजवर सांभाळला, तिच्या वह्या आता नव्या यंत्रावर उघडत नाहीत. जुन्या छपाईयंत्रांचे, स्कॅनरांचे, तसेच लिपीच्या सॉफ्टवेअरबरोबर मिळणाऱ्या आणि संगणकाच्या मागे खोचावयाच्या ‘कुलपां’चे ड्रायव्हर जर ३२-बिटीच लिहिलेले असतील, तर तेही ६४-बिटी विंडोजमध्ये चालत नाहीत.

मराठी वाचकाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगावयास नको. युनिकोड रूढ होण्यापूर्वी आपल्या भाषेतील अक्षरजुळणी निरनिराळ्या कंपन्यांच्या निरनिराळ्या टंकांत झाली. एका टंकात जुळवलेला मजकूर दुसऱ्या टंकात उघडला की निरर्थक चिन्हांची रास समोर येते. पुण्यापासून बेळगावपर्यंत आणि इंदुरापासून हैदराबादपर्यंत छोट्या मराठी छापखान्यांनी, नियतकालिकांनी, संघटनांनी त्या काळात जे छापले, ते अशा फायलींत कोंडलेले आहे. तो टंक, ते कुलूप, तो जुना कार्यक्रम आणि ते सर्व चालवणारा जुना संगणक ही एक साखळी आहे. तिची एक कडी काढली की मागचा सर्व मजकूर मुका होतो. पुस्तक जाळावयास निदान कोणीतरी आगपेटी घेऊन यावे लागते. येथे ‘अद्ययावत करा’ एवढे बटण दाबले की पुरे.

‘सुरक्षितते’चा बुरखा

या सर्व कारवाईचे समर्थन कंपनी एका शब्दाने करते : सुरक्षितता. नव्या प्रणालीला ‘टीपीएम २.०’ नावाची, गुप्त किल्ल्या सांभाळणारी सोय लागते. ती नसलेली यंत्रे असुरक्षित. म्हणून ती बाद, असा हा युक्तिवाद आहे. तो तपासून पाहू.

टीपीएमचा उपयोग आहे, हे कोणी नाकारत नाही. परंतु इंटेलच्या सातव्या पिढीच्या असंख्य यंत्रांत टीपीएम २.० आहे आणि तरीही ती यंत्रे नाकारली गेली. कंपनीने सीमारेषा आठव्या पिढीवर आखली. मग सातव्या पिढीतील सर्वच प्रक्रियक नाकारले गेले काय? नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीने आपल्या यादीत जे मोजके अपवाद केले, त्यांत ७८२०एचक्यू हा सातव्या पिढीचा प्रक्रियक होता. आणि हा प्रक्रियक कोणत्या यंत्रात होता? कंपनी स्वतः विकत असलेल्या ‘सर्फेस स्टुडिओ २’ या महागड्या संगणकात! कंपनीने कारण दिले ते ड्रायव्हरच्या नव्या पद्धतीचे. परंतु स्वतःच्या दुकानातील मालासाठी दार किलकिले करता येते आणि इतरांसाठी ते बंद राहते, एवढ्या एका गोष्टीने सुरक्षिततेचा बुरखा टराटरा फाटतो.

दुसरा पुरावा याहून बोलका आहे. विंडोज १० च्या दुरुस्त्या तयार करणे कंपनीने थांबवलेच नाही. मोठ्या उद्योगांसाठीच्या विंडोज १० च्या २०२१ सालच्या दीर्घकालीन आवृत्तीचे साहाय्य जानेवारी २०२७ पर्यंत आहे आणि कारखान्यांतील व इतर उपकरणांसाठीच्या तिच्या भावंडाचे जानेवारी २०३२ पर्यंत. म्हणजे छिद्रे शोधली जातात, ती बुजवणारा मजकूर अभियंते लिहितात, तो तपासला जातो आणि ठरलेल्या दिवशी पाठवला जातो. सामान्य माणसाच्या संगणकाच्या वाट्याला तो येत नाही, इतकेच. श्रम झाले आहेत, माल तयार आहे, गोदाम भरलेले आहे. दाराशी पहारा बसवला आहे.

आणि या दाराचे भाडे पाहा. व्यापारी संस्थेला एका संगणकामागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट, तिसऱ्या वर्षी पुन्हा दुप्पट. शाळेला पहिल्या वर्षी १ डॉलर, मग २, मग ४. घरगुती ग्राहकाला एका वर्षासाठी ३० डॉलर, म्हणजे अडीच हजार रुपयांहून अधिक. अथवा पैसे न देता आपली मांडणी आणि सेटिंग्ज कंपनीच्या खात्यात साठवण्याची संमती. अथवा कंपनीच्या सेवा वापरून कमावलेले १,००० गुण. एकाच दुरुस्तीची किंमत एकाला १ आणि दुसऱ्याला ६१ असेल, तर त्या किमतीचा खर्चाशी काय संबंध उरतो? ही किंमत वस्तूच्या मूल्यातून येत नाही. ती मक्तेदारीच्या खंडणीतून येते आणि ज्याची मान जितकी अडकलेली, तितकी खंडणी जास्त.

युरोपात ग्राहक संघटनांनी यावर आवाज उठवला. तेव्हा सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने युरोपीय आर्थिक क्षेत्रातील ग्राहकांसाठी अटी सैल केल्या : पैसे नकोत, सेटिंग्ज साठवण्याची सक्तीही नको, कंपनीचे खाते उघडून लॉगिन केले की पुरे. तीच प्रणाली, तीच दुरुस्ती, तीच तारीख. भारतातील ग्राहकाला मात्र ही सवलत दिली गेली नाही. जिथे कायद्याचा वचक आणि संघटित दबाव आहे तिथे मक्तेदारी दोन पावले मागे सरते. जिथे सरकार हात जोडून उभे असते तिथे ती मान वर करून चालते. साम्राज्यवादाच्या व्यवहाराचा हा जुनाच नियम आहे.

साहाय्य संपले म्हणजे काहीच करता येत नाही, हेही खोटे आहे. विंडोज एक्सपीचे साहाय्य एप्रिल २०१४ मध्ये संपले होते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेसह जगभरातील संगणकांना विळखा घातला, तेव्हा याच कंपनीने तीन वर्षांपूर्वी ‘मृत’ ठरवलेल्या एक्सपीसाठी दुरुस्ती सर्वांना खुली केली. आग स्वतःच्या अब्रूपर्यंत आली की मेलेल्यालाही औषध मिळते!

झीज निसर्गाची आणि झीज फर्मानाची

यंत्राची झीज दोन प्रकारची असते, हे मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात दाखवले आहे. एक झीज वापरामुळे किंवा पडून राहिल्यामुळे होणारी. दुसरी, तेच यंत्र स्वस्तात बनू लागले किंवा त्याहून सरस यंत्र स्पर्धेत उतरले म्हणजे जुन्याच्या मूल्याला लागणारी ओहोटी. स्पर्धेच्या युगातील भांडवलदाराला या दुसऱ्या झिजेचे भय वाटे. म्हणून तो यंत्र लवकरात लवकर पिळून घेई आणि त्यासाठी कामगाराचा दिवस लांबवीत असे.

मक्तेदारीच्या युगात भांडवलदाराने या झिजेलाच आपले शस्त्र बनवले. डिसेंबर १९२४ मध्ये जिनिव्हा येथे विजेच्या दिव्यांच्या बड्या उत्पादकांनी ‘फीबस’ नावाची मक्तेदार युती केली आणि दिव्याचे आयुष्य १,००० तासांवर आणून ठेवले. ज्याचा दिवा अधिक टिकेल त्या कारखान्याला दंड लावला. अधिक टिकाऊ दिवा बनवण्याचे ज्ञान होते. ते दाबण्यात आले. मक्तेदारी तंत्राच्या प्रगतीला कुंठित करते, असे लेनिनने साम्राज्यवादाच्या विश्लेषणात म्हटले होते, त्याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

परंतु फीबसचा दिवा एकदा घरी आला की त्याच्यावर कारखान्याचा हात चालत नसे. आजच्या मक्तेदाराने तीही अडचण दूर केली. संगणक घरी आला तरी त्याची दोरी कंपनीकडेच राहते, कारण विंडोज विकली जात नाही. तिचा परवाना दिला जातो. परवाना म्हणजे कूळ आणि मालक यांचे नाते. कसणाऱ्याच्या हातात नांगर, पण सात-बारा दुसऱ्याच्या नावावर!

ही दोरी किती लांब पोहोचते हे जुलै २०२५ मध्ये गुजरातेत दिसले. वाडीनार येथे मोठा तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जीमध्ये रशियाच्या रोसनेफ्टची भागीदारी आहे. युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध लादताच मायक्रोसॉफ्टने या कंपनीच्या सेवा बंद केल्या. कर्मचाऱ्यांना स्वतःचीच टपाल-व्यवस्था वापरता येईना. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. नायराच्या मालकांबद्दल आपल्याला ममत्व असण्याचे कारण नाही. परंतु भारतीय भूमीवरील कारखान्याची कळ ब्रुसेल्समधील निर्णयावरून अमेरिकन कंपनीने फिरवावी आणि आपल्या सार्वभौम सरकारजवळ त्यावर हाताशी कोणतेही साधन नसावे, ही घटना देशाने विसरता कामा नये. एका बाजूला दुरुस्ती रोखली जाते, दुसऱ्या बाजूला सेवा. कळ एकाच हातात आहे.

हे सर्व कंपनी तोट्यात आहे म्हणून करावे लागते काय? जून २०२५ अखेर संपलेल्या वर्षात तिचा निव्वळ नफा १०१ अब्ज डॉलरहून अधिक होता. आणि त्याच २०२५ मध्ये, मे आणि जुलै महिन्यांतील दोन मोठ्या कपातींत मिळून, तिने सुमारे १५ हजार कर्मचाऱ्यांना घरी पाठवले. वापरणाऱ्याचे यंत्र आणि बनवणाऱ्याची नोकरी ही दोन्ही एकाच हिशेबात खर्ची पडतात.

कचरा कोणाच्या दारी

डिसेंबर २०२३ मध्ये कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेने अंदाज केला की विंडोज १० च्या समाप्तीमुळे सुमारे २४ कोटी संगणक पुनर्विक्रीच्या लायकीचे न राहता कचऱ्यात जाण्याची शक्यता आहे. हा अंदाज मक्तेदारीच्या विरोधकांचा नाही. बाजाराचीच सेवा करणाऱ्या संस्थेचा आहे.

हा कचरा कोठे जातो, हे दिल्लीतील सीलमपूरला किंवा उत्तर प्रदेशातील मुरादाबादला विचारावे. तिथे हातमोज्यांवाचून, मुखपट्टीवाचून बायका-पोरे तारा जाळून तांबे काढतात आणि आम्लात पट्ट्या बुडवून सोन्याचे कण वेचतात. शिसे आणि धूर त्यांच्या छातीत उतरतो. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. ते कचरा गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकतात. परंतु धडधाकट यंत्राला कचरा ठरवणाऱ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या निर्णयाला त्यांत जाब नाही. घाण करणारा मोकळा, झाडणारा आजारी, असा हा न्याय आहे.

राज्यकर्त्यांची भूमिका याहून वेगळी नाही. जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना फर्मावले की साहाय्य संपलेल्या प्रणालीवरील एटीएम जून २०१९ पर्यंत बदलून घ्यावीत. ठेवीदाराच्या सुरक्षिततेसाठी हे आवश्यक होते, हे मान्य. पण परदेशी विक्रेत्याच्या दिनदर्शिकेप्रमाणे सार्वजनिक बँकांचा पैसा खर्च करवून घेणारे आपले सरकार, त्या विक्रेत्यावर मात्र एका ओळीचेही बंधन घालू शकले नाही. केंद्र सरकारने मार्च २०१५ मध्ये खुल्या सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. सीडॅकने ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारित भारतीय प्रणाली त्याच्याही आधी तयार केली होती. धोरण कपाटात राहिले. ‘आत्मनिर्भर’ देशाच्या सरकारी टेबलांवर विंडोज राहिली. २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली गेली, पाठोपाठ एक माहिती-दालन उघडले गेले. दुरुस्तीचा हक्क देणारा कायदा मात्र आला नाही.

तीन आक्षेप

येथे तीन आक्षेपांचा समाचार घेणे आवश्यक आहे.

पहिला आक्षेप भांडवली पत्रांचा. ज्या कम्युनिस्टांनी संगणकाला विरोध केला, तेच आज संगणकासाठी अश्रू ढाळतात, असे उपहासाने म्हटले जाते. उत्तर सरळ आहे. साठच्या दशकात कलकत्त्याला आयुर्विमा महामंडळाच्या इलॅको हाउसमध्ये संगणक बसवण्याविरुद्ध कर्मचारी पहाऱ्याला उभे राहिले, ते यंत्राच्या आगमनाने किती सहकाऱ्यांच्या हातचे काम जाणार हे विचारण्यासाठी. १९८३ साली बँक कर्मचारी संघटनांनी व्यवस्थापनाशी यांत्रिकीकरणाचा करार केला, तो यंत्र कामगाराच्या अटींवर यावे म्हणून. यंत्र कोणासाठी आणि कोणाच्या हुकमतीत, हाच प्रश्न तेव्हा होता आणि आजही तोच आहे. तो विचारण्याचा अधिकार आपण कधी गहाण ठेवलेला नाही.

दुसरा आक्षेप आपल्यातीलच काहींचा. महागाई, शेतकरी, कंत्राटी कामगार हे प्रश्न धगधगत असताना टास्कबारची चर्चा कशाला? या साथींना विचारावेसे वाटते : रेशनचा अर्ज, पीकविम्याची नोंद, मजुरीची हजेरी, शिष्यवृत्तीची कागदपत्रे आज कशावर भरली जातात? गावातील सेवा केंद्र चालवणारा तरुण, अक्षरजुळणी करून पोट भरणारी बाई, तालुक्याच्या गावी टंकलेखनाचा वर्ग चालवणारा गुरुजी यांचे उत्पादनाचे साधन कोणते? त्यांच्यासाठी तीस-चाळीस हजारांचा नवा संगणक हा नव्या कर्जाचा हप्ता आहे. विणकराच्या मागाचा प्रश्न जर आपला असेल, तर याही मागाचा प्रश्न आपलाच आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत धोक्याचा, कारण तो व्यवहारी वाटतो. चोरीची प्रत मिळते की! आपल्याला कोण विचारतो? कॉम्रेड्स, चोरीची प्रत मक्तेदारीला मारत नाही. ती तिची मशागत करते. हात तिच्याच सवयीचे होतात, मुले तेच शिकतात, फायली तिच्याच साच्यात साठतात आणि एक दिवस दोरी ओढली की चोरलेला आणि विकत घेतलेला दोन्ही संगणक एकत्रच उघडे पडतात. आपल्या कार्यालयांत, युनियनच्या कचेऱ्यांत सभासदांच्या याद्या, देणग्यांचे हिशेब, खटल्यांची कागदपत्रे कोणत्या यंत्रावर आहेत, याचा विचार करावा. जो पक्ष मक्तेदारीविरुद्ध लढतो त्याचे दप्तर मक्तेदाराच्या मर्जीवर असणे, ही आपली उणीव आहे आणि ती कबूल केली पाहिजे.

केरळने काय केले

पर्याय नाही, असे म्हणणाऱ्यांनी केरळच्या शाळांकडे पाहावे. २००१ मध्ये तिथे ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प सुरू झाला. शाळांनी मक्तेदार प्रणाली वापरावी की मुक्त, यावर शिक्षक संघटना आणि मुक्त सॉफ्टवेअरचे कार्यकर्ते यांनी झुंज दिली. २००६ ते २०११ या काळात कॉम्रेड व्ही. एस. अच्युतानंदन यांच्या डाव्या लोकशाही आघाडी सरकारने मुक्त सॉफ्टवेअरला राज्याचे धोरण म्हणून स्वीकारले. शिक्षकांना प्रशिक्षण देण्यात आले आणि मल्याळम भाषेसह सर्व साधने त्या प्रणालीत बसवली गेली. २०१७ मध्ये या यंत्रणेच्या प्रमुखांनी परवान्यांपोटी वाचलेली रक्कम सुमारे ३०० कोटी रुपये असल्याचे सांगितले. २०२४ मध्येही शाळांसाठी या प्रणालीची नवी आवृत्ती निघाली. मक्तेदाराने टाकून दिलेले यंत्र अशा प्रणालीवर चालवता येते, कारण तिचा मूळ मजकूर खुला असतो. एकाने साहाय्य सोडले तर दुसरा ते हाती घेऊ शकतो.

हा मार्ग सोपा आहे, असे आम्ही म्हणत नाही. जर्मनीतील म्युनिक शहराने २००४ पासून जवळपास दहा वर्षे खपून आपले संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये तिथल्या नगरपरिषदेने विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. तंत्र उभे राहिले होते. राजकीय पाठबळ हरले. आता त्याच देशातील श्लेस्विग-होलश्टाइन राज्याने एप्रिल २०२४ मध्ये आपले सुमारे ३० हजार सरकारी संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर नेण्याचा निर्णय जाहीर केला. धडा एवढाच की सत्तेच्या निर्धारावाचून आणि कर्मचाऱ्यांच्या सहभागावाचून हे काम तडीस जात नाही. तंत्रज्ञांच्या एकट्यादुकट्या उत्साहावर ते सोडून देता येणार नाही.

आपल्या मागण्या, आपले काम

म्हणून सरकारकडे आपल्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. पहिली, भारतात विकल्या जाणाऱ्या कोणत्याही कार्यप्रणालीला, ती बसवलेले शेवटचे यंत्र विकले गेल्यापासून किमान दहा वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या विनामूल्य देण्याचे कायदेशीर बंधन घाला. युरोपीय संघाने जून २०२५ पासून स्मार्टफोनच्या बाबतीत पाच वर्षांचे असेच बंधन घातले आहे. तेव्हा हे अशक्य आहे असे कोणी सांगू नये. दुसरी, जी दुरुस्ती एका ग्राहकाला दिली जाते ती सर्वांना द्या. आणि साहाय्य सोडावयाचेच असेल तर त्या प्रणालीचा मूळ मजकूर सार्वजनिक करा. तिसरी, सरकारी कार्यालये, शाळा, सार्वजनिक बँका यांत २०१५ च्या धोरणाची मुदतबद्ध अंमलबजावणी करा आणि त्या कामात कर्मचारी संघटनांना सहभागी करून घ्या. चौथी, ई-कचऱ्यात राबणाऱ्या कामगारांच्या आरोग्याचा आणि वेतनाचा खर्च, यंत्रे अकाली बाद ठरवणाऱ्या कंपन्यांकडून वसूल करा.

आणि काही काम मागणीची वाट न पाहता आपण आजच हाती घ्यावयाचे आहे. प्रत्येक जिल्हा कार्यालयाने आपल्याकडील जुन्या टंकांतील पुस्तके, पत्रके, ठराव यांची यादी करावी आणि जुने यंत्र चालू आहे तोवर तो मजकूर युनिकोडमध्ये आणून घ्यावा. बाद ठरवलेले संगणक भंगारवाल्याला देण्यापूर्वी त्यांवर मुक्त प्रणाली बसवून पाहावी. विद्यार्थी आणि युवक आघाडीतील जाणकार साथींनी तालुक्यातालुक्यांत यासाठी शिबिरे घ्यावीत. केरळमधील साथींचा अनुभव त्यांना उपयोगी पडेल.

मक्तेदाराने लिहून दिलेला मृत्यूचा दाखला नाकारण्याचा पहिला मार्ग म्हणजे ते यंत्र चालवून दाखवणे. ते आपल्या हाती आहे. दाखला लिहिणारी लेखणीच त्याच्या हातून काढून घेणे, हे पुढचे काम. त्यासाठी कायदा हवा आणि कायद्यासाठी संघटित जनतेचे बळ हवे. ते बळ उभे करणे हे आपले कर्तव्य आहे.